उजव्या गालावरचं लासं

गारखेड्यातल्या त्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं आणि रहीम मेकॅनिकचं डोकं रोज फिरलेलं असायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं गल्लीत कुणाच्या मनात आलं नव्हतं. तो संबंध आला दोन हजार सोळाच्या एप्रिलमधल्या एका रविवारी, भर दुपारी, आणि रहीमला त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा शब्द घेऊन गल्लीच्या मधोमध उभं राहावं लागलं.

रहीम मूळचा शहराच्या जुन्या लष्करी छावणीतला. बापाचं तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातच तो वाढला. पुढे शहरात टीव्ही आला आणि रहीमचे दिवस पालटले. गारखेड्यात तेव्हा ज्वारीची शेतं होती. ज्या बाभळीखाली त्याने एका उन्हाळ्यात डबा खाल्ला, तिथं दोन वर्षांनी तो तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर अँटेना फिरवत उभा असायचा आणि खालून घरातली बाई ओरडायची, "आलं, आलं... गेलं!" कारखाने आले, वसाहती आल्या, शहर कणकेसारखं फुगत गेलं, आणि त्यातल्या निम्म्या घरांचा टीव्ही रहीमने कधी ना कधी उघडलेला होता. मग चपटे टीव्ही आले. ते बिघडले की लोक आतलं कार्ड बदलायचे, नाहीतर टीव्हीच बदलायचे. रहीमला कुणी विचारेना. त्याने दुकानाचं शटर ओढलं, आणि माळ्यावरची दोन जुनी झाकणं खाली काढली.

ती झाकणं डांबराच्या पिंपांची होती, बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली. रहीम तेव्हा पंचविशीतला. त्याचा बालमित्र श्रीनिवास जोशी दुष्काळी कामावर मस्टर कारकून होता. गंगापूरच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या माणसांची हजेरी मांडायची आणि संध्याकाळी छावणीत रहीमच्या दुकानात येऊन बसायचं, हा त्याचा क्रम. एके दिवशी छावणीतल्या भंगारवाल्याकडे रहीमला जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा सापडला. कुणा गोऱ्या साहेबाने जाताना टाकून दिलेला. रहीमला इंग्रजी येत नव्हतं, पण आकृत्या कळत होत्या. एका आकृतीवर तो अडला. लाकडी चौकट, तीत एक गोल तबकडी, तबकडीवर कडेपासून हळूहळू आत सरकत जाणारी तीस छिद्रं. "हे काय आहे रे श्रीनू?" त्याने विचारलं. श्रीनिवासने वाचलं आणि तोंडातली सुपारी चघळायची विसरला. तो होता घरच्या घरी बनवायचा टेलिव्हिजन.

मग दोन महिने श्रीनिवास रोज वाचून मराठीत सांगत गेला. बेअर्ड नावाचा एक खोकणारा, खिशात दमडी नसलेला माणूस. चहाचं खोकं, बिस्किटाचा डबा, सायकलच्या दिव्याची भिंगं असलं सामान दोऱ्याने आणि लाखेने जोडून लंडनच्या एका माळ्यावर त्याने यंत्र उभं केलं. आधी त्यात एका बाहुलीचं डोकं दिसलं. मग तो धावत खाली गेला आणि खालच्या ऑफिसातल्या एका पोऱ्याला पकडून दिव्यांपुढे बसवलं. परत येऊन बघतो तर पडदा कोरा! दिव्यांच्या धगीने घाबरून पोरगं मागे सरकलं होतं. त्याच्या हातावर नाणं टेकवून पुन्हा बसवलं तेव्हा कुठे टेलिव्हिजनवर माणसाचा पहिला चेहरा आला. सव्वीस सालच्या जानेवारीत त्याने ते जाणत्या लोकांना दाखवलं, पुढे बीबीसीने तसल्याच तीस रेघांची चित्रं हवेतून पाठवली.

"नुसती सावली दाखवणारे त्याच्या आधीही होते," श्रीनिवास म्हणाला, "पण चेहरा ओळखू आला तरच तो टेलिव्हिजन. नाहीतर भिंतीवर हाताने हरीण करणं आणि हे, सारखंच."

"मग आपण चेहराच दाखवू," रहीम म्हणाला. "पहिला चेहरा तू बघायचा. जबान दिली."

श्रीनिवासने रस्त्याच्या कामावरून दोन झाकणं आणली. दोघांनी एकेक वाटून घेतलं आणि आकृतीवरून छिद्रं आखली. पहिलं कडेला, पुढचं चार बोटं पलीकडे आणि सूतभर आत, असं तीसपर्यंत. श्रीनिवास डावीकडून उजवीकडे आखत गेला आणि छिद्रांशी पांढऱ्या रंगाने मराठी आकडे टाकत गेला. रहीमची शाळा उर्दू. तो उर्दू आकडे टाकत उजवीकडून डावीकडे आखत गेला. श्रीनिवास त्याला हसला, रहीम श्रीनिवासला हसला. दोघंही तीसवर पोचले होते, मग भांडण कशाचं? पण यंत्राचं बाकी सामान काही जमलं नाही. पाऊस आला, रस्त्याची कामं थांबली, श्रीनिवासची बदली झाली, दोघांची लग्नं झाली. खऱ्या बेअर्डचंही पुढे काही बरं झालं नव्हतं. छत्तीस साली बीबीसीने त्याची पद्धत आणि दुसऱ्या कंपनीची इलेक्ट्रॉनिक पद्धत आळीपाळीने चालवून पाहिली आणि थोड्याच महिन्यांत त्याची बंद केली. श्रीनिवासने हे कधीतरी ग्रंथालयात वाचून येऊन सांगितलं, तेव्हा रहीमला सख्खं कुणी गेल्यासारखं वाईट वाटलं होतं.

आता ती झाकणं पुन्हा खाली आली याचं एकच कारण होतं, श्रीनिवासचे डोळे. काचबिंदूने त्याचा डावा डोळा गेला होता. उजव्यात नजरेचं एक भोक तेवढं उरलं होतं, नळीतून बघावं तसं. समोरच्याचं नाक दिसलं तर कान दिसत नसे. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं की उरलेलं टिकावं म्हणून हे करायचं, पण कधीकधी तेही जातं. म्हणजे भरवशाचा शेवटचा दिवस रविवार. तोही पाच वाजेपर्यंत, कारण पाचला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. मुलगा मंदार पुण्याहून गाडी घेऊन आला होता.

रहीमने सहा आठवडे रात्रीचा दिवस केला. कूलरच्या दोन मोटरी, जुन्या सेटमधले भाग, उजेडाची वीज करणारा एक फोटोसेल, एक तांबूस दिवा. एक झाकण मागच्या खोलीत फिरायचं आणि समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावरचा उजेड-अंधार तीस रेघांत कापून तारेत सोडायचं. दुसरं पुढच्या खोलीत तेवढ्याच वेगाने फिरायचं आणि त्या रेघा पुन्हा शेजारी शेजारी लावायचं. वेगात जरा फरक पडला की चेहऱ्याचा चिवडा. चित्र केवढं, तर काडेपेटीएवढं, भिंगातून बघायचं. "माझ्या डोळ्याच्या मापाचंच शिवलंयस," श्रीनिवास म्हणाला होता.

पण रहीमला एक वेगळीच धास्ती होती. पंधरा दिवसांपूर्वी त्याने मागच्या खोलीत पुठ्ठ्यावर काळी फुली चिकटवून ठेवली आणि श्रीनिवासला भिंगापाशी बसवलं. "दिसतेय, दिसतेय! ठळक फुली," श्रीनिवास म्हणाला. रहीम मागे गेला तर हॅलोजन दिव्यांची पिन निसटून पडलेली, खोलीत मिट्ट काळोख. फुली कुठून दिसणार? श्रीनिवास आयुष्यभर असाच होता. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून अळणी भाजीही वाखाणायचा. रहीमने गुपचूप पिन लावली आणि स्वतः बघितलं, तेव्हा फुली खरंच आली होती. पण श्रीनिवासला ती दिसली की नाही हे त्याला कधीच कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. रविवारीही तो नुसतं "दिसलं" म्हणाला तर काय करायचं? त्रेचाळीस वर्षं जपलेला शब्द दोस्ताच्या मेहेरबानीवर पुरा करून घ्यायचा?

रविवारी अडीचला श्रीनिवास आला. पुढच्या खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या ठोकलेल्या. आत भट्टी पेटल्यासारखं. मागच्या खोलीत रहीमची बायको सगीरा खुर्चीवर, दोन हॅलोजनच्या तोंडाशी. तिच्या डाव्या गालावर जन्मापासूनचं लासं होतं, लिंबाएवढं, काळपट. लग्नात तिच्या सासूने त्यावरून नाक मुरडलं होतं आणि श्रीनिवासने भर मांडवात "भाभी लाखांत ओळखू येतील," म्हणून सासूचं तोंड बंद केलं होतं. त्या एका वाक्यावर सगीरा आज दिव्यांपुढे बसायला तयार झाली होती.

"मेरे कू क्या भुट्टा समझे क्या?" ती आतून ओरडली. "पाच मिनिटांवर एक मिनिट बसणार नाय मी."

मोटरी सुरू झाल्या. झाकणं घुमू लागली. रहीम एका हाताने वेगाचं बटण सांभाळत होता. भिंगात आधी तांबूस धुकं, मग तिरक्या रेघा, मग रेघा सरळ होऊ लागल्या, आणि कपाळासारखं काहीतरी गोल वर आलं. "बस, श्रीनू, बस इथं."

श्रीनिवास वाकला. "थांब हां... काहीतरी..."

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलं ऽऽ!"

पाणी सोमवारी यायचं होतं, ते रविवारीच आलं. पुढे काय होणार हे गारखेड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एकामागून एक बावीस मोटरी नळाला लागल्या आणि घूं घूं करू लागल्या. दिवे पिवळे पडले. स्टॅबिलायझर टकटक करून गप्प झाला. इन्व्हर्टरवर कूलरची मोटर नुसती गुरगुरते, हे रहीमने आधीच करून पाहिलं होतं. झाकणं दमल्यासारखी मंदावली, एक जास्त, एक कमी, आणि चित्र वाहून गेलं. नंतर तर भिंगात काहीच उरलं नाही, नुसता कोरा तांबूस चौकोन. रहीम मागच्या खोलीत धावला. खुर्ची रिकामी! सगीरा कधीच कळशी घेऊन पळाली होती. पाणी आल्यावर बसून राहणारी बाई त्या गल्लीत जन्मायची होती.

मंदार दारात आला. "काका, साडेतीन वाजतायत. चारला निघायलाच हवं."

रहीम गल्लीत आला. पाणी चाळीस मिनिटं येई, त्यावर चार दिवस काढायचे. ड्रम, हंडे, टोप, जे मिळेल ते लागलेलं. तिथं कुणाला मोटर बंद करा म्हणणं म्हणजे ताटावरून उठवणं, हे रहीमला कळत होतं. यातल्या कितीजणांचे टीव्ही त्याने नुसत्या चहावर लावून दिले होते, ते बोलून दाखवावं असं एकदा जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"सगळे जरा ऐका," तो म्हणाला. मोटरींत ऐकू जाईना, म्हणून पुन्हा ओरडला. "सात मिनिटं मोटरी बंद करा. फक्त सात."

मनकर्णाबाईंनी पाइप हातात धरूनच मान वळवली. घरात नऊ माणसं, ड्रम सहा, आणि आवाज असा की भाजीवाला दोन गल्ल्या पलीकडे थांबायचा. "कशापायी?"

"माझ्या दोस्ताचं उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. नजर राहील की जाईल, भरवसा नाय. त्याला आज एक चेहरा बघायचाय."

"कुणाचा?"

"सगीराचा."

"आवो चाचा, मग ती काय इथंच उभी हाय! बघू द्या की डोळे भरून. मोटर कशाला बंद करायला पायजे?"

गल्ली हसली. बाईचं चुकीचं काय होतं? चार पावलांवर असलेलं माणूस तारेतून कशाला बघायचं?

"मशीनमधून बघायचाय," तो म्हणाला. "तुम्हाला येडेपणा वाटंल. हायेच येडेपणा. पण त्र्याहत्तरच्या दुष्काळात त्याला मी जबान दिलीय, बाई. वर्षावर वर्ष गेलं, मी रोज उद्यावर ढकललं. आता त्याला उद्या नाय."

बावीस मोटरी घुमत राहिल्या. मग त्यातली एक थांबली. सगीराने स्वतःच्या घराचं बटण बंद केलं होतं. अर्धी भरलेली कळशी तशीच ठेवून, कमरेला खोचलेली ओढणी न सोडता, ती कुणाकडे न बघता आत गेली.

मनकर्णाबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "सात म्हंजे सात. आठव्या मिन्टाला मी बटन दाबणार, मग तुमचा दोस्त असो न्हायतर कलेक्टर." आणि त्या वळून अशा कडाडल्या की गल्लीच्या टोकापर्यंत मोटरी धडाधड बंद पडल्या.

एक राहिली, सर्जेरावची. तो गंगापूरकडचा. दोन वर्षांमागे विहीर आटली तसा शेताला कुलूप घालून आला होता आणि एका कारखान्यावर वॉचमन होता. तो बटणावर हात ठेवून उभा होता. "चाचा, विहिरीच्या तळाला बादली आपटल्याला आवाज अजून कानात हाय माझ्या," तो म्हणाला. "पाणी चालू असताना हात आखडत नाय वो." सर्जेरावने डोळे मिटले आणि बटण दाबलं. गल्ली गप्प झाली.

रहीम आत पळाला. दिवे पांढरे झाले होते. झाकणांनी वेग घेतला. एक मिनिट वेग जुळवण्यात गेलं, दुसरं गेलं. बटणावरचं बोट घामाने घसरत होतं. तिसऱ्या मिनिटाला रेघा उभ्या राहिल्या. रहीमने एक नजर टाकली. काहीतरी गोल आहे एवढं कळताच तो बाजूला झाला, कारण पहिला चेहरा त्याने बघायचा नव्हता.

श्रीनिवास भिंगावर वाकला. त्याने मान जराशी इकडे केली, जराशी तिकडे, उरलेलं भोक जागेवर आणत. बाहेर मनकर्णाबाई मिनिटं मोजत होत्या, "पाच!"

"दिसलं," श्रीनिवास म्हणाला.

तोच सूर, फुलीच्या वेळचा. "काय दिसलं?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"भाभी. रागात आहेत. ओठ आवळलेत."

हे तर न बघताही सांगता आलं असतं. सगीरा दिव्यांपुढे दुसरं काय करणार होती? रहीमने डोळे मिटून घेतले.

"आणि लासं," श्रीनिवास म्हणाला. "उजव्या गालावर."

"उजव्या?"

"हो, त्यांच्या उजव्या गालावर. काळा डाग, स्पष्ट."

संपलं, रहीमला वाटलं. बिचारा चाचपडतोय. तोंडाला येईल ते सांगतोय. पण लगेच दुसरा विचार आला आणि तो ताडकन सरळ झाला. श्रीनिवासने तो चेहरा लग्नापासून चाळीसेक वर्षं पाहिला होता. भर मांडवात त्याच गालावरून तो भांडला होता. खोटंच सांगायचं असतं तर तो आठवणीतला डावा गाल सांगून मोकळा झाला असता. उजवा त्याच्या कुठल्याच आठवणीत नव्हता.

"सरक, सरक जरा!" रहीमने त्याला ढकललंच. भिंगात काडेपेटीएवढी सगीरा थरथरत होती, ओठ आवळलेली, आणि लासं उजव्या गालावर होतं. रहीमने वर बघितलं. फिरणाऱ्या झाकणावर त्याच्या उर्दू आकड्यांचं पांढरं वर्तुळ दिसत होतं. उजवीकडून डावीकडे आखलेलं झाकण इथं, डावीकडून उजवीकडे आखलेलं मागच्या खोलीत. एकाने कापलेल्या रेघा दुसऱ्याने उलट्या क्रमाने लावल्या होत्या. फुली सरळ काय नि उलटी काय, फुलीच, म्हणून इतके दिवस कळलं नाही. आरशातल्यासारखा चेहरा.

"श्रीनू," तो म्हणाला. तो श्रीनिवासच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. दिसलं होतं. खरंच दिसलं होतं!

"अरे, झालं काय?" श्रीनिवास गोंधळून विचारत होता. "मी काही चुकीचं बोललो का?"

"आठ!" बाहेरून आवाज आला, आणि सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या.

गल्लीच्या शेवटच्या घरात कडूबाई राहायच्या. त्यांच्याकडे मोटर नव्हती, त्यामुळे बावीस मोटरींनी ओढून झाल्यावर त्यांच्या नळाला नुसती फुरफुर यायची. त्या सात मिनिटांत त्यांचे तीन हंडे भरले. पुढच्या पाळीला त्या रहीमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "चाचा, आज टीव्ही लावणार का वो?" त्यांनी विचारलं. मनकर्णाबाईंनी ते ऐकलं आणि कधी नव्हे त्या गप्प बसल्या. तेव्हापासून दर पाळीला पहिली सात मिनिटं गल्लीत मोटर लागत नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण ते उरलेलं भोक मिटलं ते मिटलंच. महिनाभराने श्रीनिवास मंदारच्या हाताला धरून आला. सगीराने चहा केला आणि मागच्या खोलीत दिव्यांपुढे जाऊन बसली. श्रीनिवास पुढच्या खोलीत बसून झाकणांचा आवाज ऐकत राहिला. रहीमची नात आमरीन भिंगाला डोळा लावून होती.

"दादाजान, दादीचं लासं चुकीच्या बाजूला दिसतंय," ती म्हणाली. "दोनच तर स्क्रू आहेत, झाकण उलटं बसवा ना."

"नाय बसवायचं," रहीम म्हणाला.

श्रीनिवासने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "कुठं दिसतंय रे लासं?"

"उजव्या गालावर," रहीम म्हणाला. "तू बघितलंस तिथंच."